शून्य पॉइंट आठ

पत्रा शून्य पॉइंट आठ मिलिमीटर.
दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवा, झाला तेवढा.
काल्यू म्हणाला, आधी भंगारावर हात बसव.
म्हणून तीन दिवस मॉस्कविचला शिवलेच नाही,
जुन्या वॉशिंग मशीनच्या कुशीला
भोकं पाडत बसले.
हात जरा रेंगाळला की पत्रा लाल, मग पांढरा,
मग तिथं काहीच नाही.

हिऊमा बेटावर एप्रिल. कडेचा बर्फ करडा पडलेला.
शेडचं दार अर्धंच उघडं ठेवते:
पूर्ण उघडलं तर वारा गॅस पळवतो,
लावलं तर धूर छातीत बसतो.
बॅटरी काढलेली, बादली भरलेली, गोणपाट ओलं.
एकसष्टाव्या वर्षी मी
ठिणग्यांना पाठ द्यायला नाही, तोंड द्यायला शिकते आहे.

पायरीच्या पट्टीवर रंगाला एक फुगवटा, मसुराएवढा.
स्क्रूड्रायव्हर टोचला
तर आत मूठ गेली.
रस्त्यावरच्या मिठाचं बोट धरून
गंज शिवणीतून शिरतो
आणि वर्षानुवर्षं आतल्या आत जेवतो.
रंगाला पत्ता नसतो.

मग मागच्या डाव्या चाकाच्या कमानीत
पुट्टीच्या थराखाली ठिगळ निघालं.
हेरिंगच्या मोठ्या डब्याचा पत्रा.
आतल्या अंगाला अजून अर्धा मासा छापलेला,
शेपटीकडचा.
कडेनं टाके: गाठीगाठींचे, घाईचे,
भोक पडलेलं, भरलेलं, पुन्हा पडलेलं.
हे अक्षर मी ओळखते.
एंडेलचं.

एंडेल माझा भाऊ.
बोट विकल्यापासून अकरा वर्षं अबोला.
दुकानात एकाच पावाला दोघांचा हात लागला
तर दोघंही तो पाव सोडतो.

सत्त्याऐंशीचा फेब्रुवारी.
समुद्र गोठलेला, त्याच्यावरून रस्ता,
पट्टे सोडलेले, नियमच तसा,
बर्फ फुटला तर बाहेर पडता यावं म्हणून.
मी मागच्या सीटवर आडवी, वेणा मोजत.
एंडेल पुढं, मान न वळवता:
गाडी ठणठणीत आहे, तू तुझं बघ.
खाली
अर्धा मासा.

तरी कापलंच.
गंजावर टाका धरत नाही,
ठिणगी स्वच्छ उठेल तिथपर्यंत मागं यावं लागतं.
ओट्सच्या खोक्यावर आकार काढला, नवा पत्रा बेतला,
मागं तांब्याची पट्टी धरली.
सलग ओढायचं नाही. एक ठिपका इथं,
दुसरा पार तिकडच्या कोपऱ्यात,
मग हात बाजूला. तळवा ठेववेल इतकं निवू द्यायचं.
घाई केली की पत्रा पोट काढतो
आणि मग हातोडीनंसुद्धा समजूत पटत नाही.

एकच जागा ऐकेना.
तिथं तीन पत्रे मिळतात, दोन जाड, एक पातळ.
जाडाला पुरेल ती आच
पातळाला खाऊन टाकते.
चार वेळा भोक. पाचव्यांदा मी मुखवटा वर केला,
हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि फोन लावला.

कमानीच्या वरच्या शिवणीत, म्हटलं,
करंट किती ठेवला होतास?

पलीकडे बराच वेळ नुसता रेडिओ.
मग: आकडे कुठले त्या यंत्राला.
आईच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसायचा तिथून.
तो मंद झाला की थांबायचो.

आणि मंद नाही झाला तर?
तर आणखी मोजून तीन.

तांबं धरलंयस ना मागं? त्यानं विचारलं.
धरलंय.
मग जाडावर सुरू कर, पातळाकडं नुसतं ढकल.

फोन बाकावर तसाच उघडा ठेवला.
मुखवटा खाली घेतला.
तीन मोजले.
पत्रा निवताना टकटक वाजतो,
ते त्याला ऐकू गेलं असावं,
कारण तो म्हणाला, अजून हात लावू नकोस.